यरीहोचं मागचं दार

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते पडायची भिंत बांधायचं. मी गवंडी. मार्था माझ्या हाताखाली. ती विटा द्यायची, मी लावायचो. लग्न झाल्यापासून असंच. ती वीट देताना बघायची न्हाई, मी घेताना बघायचो न्हाई.

मुखेडला आमच्या चर्चच्या अंगणात रविवारी पोरांचं नाटक होतं. बायबलातल्या यरीहो शहराचं. देवाच्या हुकमानं यहोशवाचे लोक शहराभोवती फेऱ्या मारतात, रणशिंगं फुंकतात आणि भिंत पडते. पास्टर तरुण, लातूरहून आलेला. म्हणाला, "मामा, पुठ्ठ्याची नको. खरी पडली पाहिजे. धूळ उडाली पाहिजे."

पडायची भिंत बांधणं सोपं न्हाई. गवंडी नेहमी सांधा मोडतो. म्हणजे खालच्या दोन विटांच्या जॉइंटवर वरची वीट मधोमध बसवतो. तेव्हा भिंत धरते. इथं सगळं उलटं. पोरांच्या कमरेएवढी उंची, चार बाजू. त्यातल्या तीन पक्क्या. समोरच्या बाजूला सांध्यावर सांधा, मधी सिमेंटचा माल न्हाई, खालून ओढायला दोरी. आतली पोरं लांब, चुन्याच्या रेघेमागं उभी राहणार. भिंत पडली की मेल्यासारखी आडवी होणार. वाईट काम मुद्दाम करायचं, हाताला लई जड गेलं.

मार्थानं विचारलं, "पास्टर, आतल्यांना मारून टाकतात व्हय?"

"हो मामी, सगळ्यांना. देवाचा हुकूम होता."

"लेकरं बी?"

"लेकरं, म्हातारे, बैल, मेंढरं. गाढवंसुद्धा."

"गाढवानं कोणचं पाप केलं होतं?"

मी हसलो. पास्टर हसला न्हाई. म्हणाला, "ते लोक फार बिघडले होते. आणि त्याच शहरातली राहाब वाचली की. तिनं यहोशवाचे हेर लपवले, म्हणून घरच्यांसकट वाचली."

"आन् तिची शेजारीण?"

पास्टर म्हणाला, शिकलेले लोक यावर अजून भांडतात. कोणी म्हणतं, देवाचा न्याय आपल्याला कळत न्हाई. कोणी म्हणतं, जुन्या काळी लढाई वाढवून सांगायची रीतच होती.

"वाढवून सांगितलं असंल तर बरंच झालं," मार्था म्हणाली. "मंग आपल्या पोरांना मरायला कशापायी शिकवता?"

आणि माझ्याकडं वळली. "अवो, मागल्या बाजूला दार ठेवा."

"पुस्तकात वेशी बंद हायेत. तू वीट दे."

तिनं वीट दिली.

त्याच दिवशी दिवेलागणीला भाकरी थापता थापता ती चुलीपाशी कलंडली. रिक्षा येईस्तोवर संपली होती.

शनिवारी माती दिली. तिथंच सगळ्यांदेखत मी पास्टरला विचारलं, "ही बी देवाचीच मर्जी का?" हो म्हणाला असता तर तिथंच भांडलो असतो. त्याच्या हातात पुस्तक उघडं होतं. ते त्यानं मिटलं.

"मला ठाऊक नाही, मामा."

आल्यापासून तेवढं एक तो पाठ न करता बोलला.

लोक म्हणाले, नाटक पुढं ढकला. मी म्हणलं, न्हाई. पोरांनी तयारी केलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी थापी आणि हातोडी घेऊन गेलो. मागची पक्की बाजू मधून काढली. नुसत्या विटा काढल्या की कडेला दात राहतात. तिथं अर्धी वीट बसवावी लागते, तिला आम्ही अद्धा म्हणतो. अद्धे मार्था निवडून द्यायची.

पास्टर येऊन उभा राहिला. "मामा, पुस्तकात दार नाही."

"पुस्तकात न्हाई. ह्या भिंतीत हाय."

त्यानं बाह्या सारल्या आणि अद्धे द्यायला लागला. बघून बघून देत होता, म्हणून वेळ लागला. लेकरू निघंल एवढं दार झालं तसा तो म्हणाला, "बस ना?"

"अजून दोन विटा काढू," मी म्हणलं. "गाढव बी निघायला पाहिजे."