फुल हाताचा शर्ट

उन्हाने माझ्या अंगावर पुरळ उठतं, म्हणून तारकर्लीच्या किनाऱ्यावरच्या दुकानात मी फुल हातांचा पोहण्याचा ड्रेस मागितला. दुकानवालीने बिनबाह्यांचा काढला आणि इलॅस्टिक ताणून दाखवलं. मी नको म्हटलं, तर त्याहून तोकडा काढून पुन्हा इलॅस्टिक ताणलं. असा सगळा ढीग उपसला. स्वतः मात्र साडीवर पुरुषाचा शर्ट चढवून, मनगटापर्यंत बटणं लावून बसलेली.

"अहो, तुम्ही घातलंय तसं काहीतरी द्या ना," मी वैतागून म्हणाले.

"ह्यो घोवाचो जुनो शर्ट. मासे सुकत घालताना ह्योच घालतंय," ती म्हणाली. "तुमच्या घोवाक शर्ट नाय?"

नवऱ्याचा ऑफिसचा शर्ट घालून मी निमूट समुद्रात उतरले.

दुसऱ्या दिवशी तिच्या दुकानाबाहेर पुरुषांचे जुने शर्ट ओळीने टांगलेले होते.