काळाच्या डोक्यावर बापूने लावलेले केस

कुवेतच्या अब्बासिया वस्तीतल्या बापू म्हात्रेला अपुरं काही बघवत नाही. समोरच्याचं वाक्यसुद्धा तोच पुरं करतो! मूळचा पेणचा, गणपती घडवणारा हात. पण कुवेतला आल्यापासून अकरा वर्षं शिडीवर चढून जिप्समची छतं बसवतोय. "मला मूर्तीच्या टेबलावर घ्या," एवढंच मुकादमाला सांगायला दर महिन्याला जायचा आणि न सांगताच चहा पिऊन परत यायचा.

शेवटी मुकादम तौफीकभाईंनीच बोलावलं. गिऱ्हाईक लैला मॅडमना खैरानच्या समुद्रकाठच्या बंगल्यात ग्रीक पुतळा हवा होता. "जमला तर टेबल तुझं. नाही तर शनिवारपासून शिडी आहेच."

फोटोत जुना, झिजलेला दगड. धावता तरुण, टाचांना पंख, हातात तराजू, कपाळावर झुपकेदार बट आणि मागे चक्क टक्कल! बापू हळहळला. "दोन हजार वर्षांत झडले असतील बिचाऱ्याचे." मग त्याने मागे असे दाट कुरळे केस घडवले, की स्वतःच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवून सुस्कारा टाकला.

मॅडम आल्या. समोरून बघून खूश झाल्या. मागे गेल्या आणि थबकल्या.

"हे केस कोणी दिले?"

"मीच. फोटोत नव्हते," बापू छाती काढून म्हणाला.

तौफीकभाईंनी डोक्याला हात लावला. मॅडम मात्र हसायलाच लागल्या. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "अरे, हा माणूस नाही, वेळ आहे! संधीची वेळ. ग्रीक कारागीर ती अशीच घडवायचे. समोरून येताना बट धरायची. पुढे निघून गेली, की मागे धरायला काहीच नाही."

बापूचा चेहरा जिप्समहून पांढरा. तौफीकभाईंच्या नजरेत त्याला शिडीच दिसत होती.

"मॅडम, पंधरा मिनिटं!"

जिप्सम अजून ओलसर होतं. पातळ सुरीने त्याने लाडाने घडवलेली एकेक कुरळी बट खरवडून काढली आणि वर बोटाने पाणी फिरवलं. मॅडमनी त्या टकलावर तळवा ठेवला. "माशाल्लाह! हेच हवं होतं." आणि गाडीकडे निघाल्या.

केसांच्या भुग्याने माखलेला बापू धावत आडवा आला. "मॅडम, एक मिनिट. तौफीकभाई, यांच्यासमोरच सांगा, शनिवारी शिडी की टेबल?"

मॅडम तौफीकभाईंकडे बघत राहिल्या.

"टेबल रे बाबा, टेबल!"

"आणि बसायला पाठ असलेली खुर्ची," बापूने त्यांचं वाक्य पुरं केलं.