चिनफाने उकळलेल्या सोंगट्या

लाय चिनफाने चौतीस वर्षं रेल्वेत गाड्यांचे ब्रेक तपासले. कागदावर लिहिलंय तसं करायचं, डोकं चालवायचं नाही, एवढ्यावर त्याची नोकरी निभली. त्याच्या बायकोला, पाओचूताईला, रक्ताचा कॅन्सर निघाला. पहिल्या केमोनंतर नर्सने त्याच्या हातात सूचनांचा कागद दिला, तेव्हा मी शेजारीण म्हणून सोबत होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

कागदावर होतं : पांढऱ्या पेशी कमी आहेत, कच्चं काही देऊ नका, सगळं उकळून द्या.

चिनफाने पपई उकळली. लोणचं उकळलं. वर्तमानपत्र भाताच्या कुकरमध्ये वाफवलं.

"आज काय बातमी?" मी फोनवर विचारलं.

"शिजलीय," पाओचूताई म्हणाली.

दर अर्ध्या तासाला तो थर्मामीटर घेऊन हजर. शेवटी ती ओरडली, "मला ताप नाहीये रे म्हाताऱ्या! ताप तू आहेस!"

त्याने वहीत लिहिलं : छत्तीस पूर्णांक सात. आवाज खणखणीत.

दुसऱ्या केमोने मात्र ती पार ढेपाळली. तोंड आतून सोललं, भाताची पेजही गिळवेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. चौथ्या दिवशी चिनफा माझ्या दारात उभा.

"ती मला शिव्या देत नाहीये."

"मग बरंच आहे की, भाऊजी."

"नाही गं. लक्षण वाईट आहे."

एवढं बोलून तो माझ्या पायरीवर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

दोन आठवड्यांनी पेशी वाढल्या. मास्क लावून दोघंजण भेटायला चालतील, असं डॉक्टर म्हणाले. पाओचूताईला माहजोंग, म्हणजे चौघांनी खेळायचा तो सोंगट्यांचा डाव, खेळायचं होतं. मी आणि माझा नवरा पोचलो तर चिनफा टेबलापाशी मान खाली घालून उभा. त्याने सोंगट्या सोडा घालून तासभर उकळल्या होत्या. स्वस्तातल्या, छापील चित्रांच्या. एकशे चव्वेचाळीस सोंगट्या, सगळ्या पांढऱ्याफटक.

पाओचूताईने एक उचलली, उलटसुलट केली. मग हसायला लागली. हसता हसता खोकला आला, तरी थांबेना.

"मांड," ती म्हणाली.

आम्ही खेळलो. जो उचलेल त्याने सांगायचं, काय आलं ते. माझा नवरा स्वभावाने प्रामाणिक, त्यामुळे सारखा हरत होता. पाओचूताईने एकामागून एक 'लाल' टाकल्या.

"लाल चारच असतात. ही पाचवी कुठून आली?" नवऱ्याने विचारलं.

"उकळल्यावर फुगतात," चिनफा गंभीरपणे म्हणाला.

"तू गप्प बस, गाढवा," ती म्हणाली.

चिनफा चहा आणतो म्हणून आत गेला. मी मागोमाग गेले तर ओट्याला धरून रडत होता. "ऐकलंस ना?" तो म्हणाला. "गाढव म्हणाली मला."

वसंतात तपासणीचा निकाल आला : आजार आटोक्यात आहे, मात्र अधूनमधून दाखवत राहायचं. परतीच्या बसमध्ये तिला त्याच्या खांद्यावर झोप लागली. घराजवळचा थांबा आला. तिला उठवायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून तो बसूनच राहिला. बस थेट शेवटच्या थांब्याला, पूतायच्या बंदरावर गेली. तिथून त्याने मला फोन केला.

"इथे कालवं ताजी आहेत. तुला आणू का?"

मागून तिचा आवाज आला, "त्याला म्हणावं, आधी वेळेवर उतरायला शीक!"

मी अर्धा किलो सांगितली.