सरलाबाईंचा लाल शेरा

सरलाबाईंनी पुण्यातल्या शाळेत चौतीस वर्षं फ्रेंच शिकवलं आणि त्या चौतीस वर्षांत एकाही फ्रेंच माणसाशी त्या बोलल्या नाहीत. फ्रेंच माणूस कधी भेटलाच नाही, त्याला त्या तरी काय करणार? मुलांना दहावीत अठ्ठ्याण्णव मार्क पडत, पेढे घरी येत. पण आपलं फ्रेंच खऱ्या फ्रेंच माणसाला कळेल का, ही धाकधूक बाईंनी कुणापाशी बोलून दाखवली नव्हती.

त्यांचा लाडका शब्द ‘कोतिदियँ’. रोजचं जे जे काही ते कोतिदियँ, रोज दारात पडणारं वर्तमानपत्र म्हणजे कोतिदियँ, आणि माणसाचं उठल्यापासून झोपेपर्यंतचं रहाटगाडगं, तेही कोतिदियँच. दर वर्षी नववीला ‘माझं कोतिदियँ’ हा निबंध ठरलेला. घरून पोहे चापून आलेली मुलं निबंधात क्रोसाँ खात, कारण बाईंनीच तसं लिहून दिलेलं असे.

२०२०च्या फेब्रुवारीत त्या तीन महिन्यांसाठी मुलाकडे, निहारकडे, टिलबर्ग या डच शहरात आल्या आणि करोनाने विमानं बंद झाल्यावर तिथेच अडकल्या. निहार दिवसभर जेवणाच्या टेबलावर मीटिंगमध्ये. बाईंनी तोंड उघडलं की तो म्हणायचा, "आई, मी म्यूटवर नाहीये." मग बाई बादली घेऊन मागच्या बागेत जात आणि दोरीवरच्या बनियनांना फ्रेंच क्रियापदं म्हणून दाखवत. बनियनं निदान ऐकून घेत.

मे महिन्यात एकदा कुंपणापलीकडून आवाज आला. शेजारची म्हातारी मांजराला रागावत होती, चक्क फ्रेंचमध्ये. बाईंच्या हातातला टॉवेल गवतावर पडला. दारावर पाटी तर डच नावाची होती. मादाम ओडेट मूळच्या फ्रेंच, नवरा इथला आणि तो वारून दोन वर्षं झालेली, हे निहारला आधीपासून माहीत होतं. आईला सांगावं असं त्याला सुचलं नव्हतं, एवढंच.

"मग जाऊन बोल ना त्यांच्याशी," तो म्हणाला.

"आणि तिला नाही कळलं तर? चौतीस बॅचना परत बोलावू का?"

बाई बोलायला गेल्या नाहीत. त्यांनी बेसनाचे लाडू वळले, डबा मादामच्या दारात ठेवला, बेल दाबली आणि आपल्या गुडघ्यांना न शोभणाऱ्या वेगाने घरी पळाल्या. सोबत फ्रेंचमध्ये लिहिलेली चिठ्ठी होती: ‘मी शेजारीण. आपलं कोतिदियँ कसं चाललं आहे?’

दोन दिवसांनी डबा परत आला. आत उत्तर होतं: ‘कॉफी. खिडकी. मांजर. बाकी काही नाही. लाडू छान.’

म्हणजे कळलं होतं. बाईंनी डोळे पुसले, चिठ्ठी दहादा वाचली आणि अकराव्यांदा वाचताना हात आपसूक लाल पेनाकडे गेला. ‘विषय चांगला, पण फार त्रोटक. उदाहरणं देऊन विस्तार करा. दहापैकी पाच.’ खाली सही, तारीख. मग चिठ्ठी पुन्हा डब्यात जपून ठेवली.

दुसऱ्या दिवशी चकल्या झाल्या. निहारने डबा भरून शेजारी नेऊनही दिला.

"त्यात कागद होता रे," बाई म्हणाल्या.

"हो, तेल टिपायलाच होता ना?"

जिला आपलं फ्रेंच कळलं अशी जगात एकच बाई, आणि तिला आपण पाच मार्क दिले. बाईंनी बागेत जाणं सोडलं. कपडे बाथरूममध्ये वाळू लागले आणि घरभर कुबट वास सुटला.

नवव्या दिवशी दाराच्या फटीतून जाडजूड पाकीट पडलं. चार पानं. वर लिहिलं होतं: ‘माझं कोतिदियँ, विस्ताराने.’ मादाम अजून दोन कप कॉफी करत होत्या आणि एक ओतून देत होत्या. नवऱ्याचं वर्तमानपत्र बंद केलं नव्हतं. न उघडताच ते त्याच्या खुर्चीवर ठेवत होत्या. मार्चपासून घरात कुणी आलेलं नव्हतं. शेवटी लिहिलं होतं: ‘दहा वाजता मी खिडकीशी उभी राहते. शेजारची बाई बनियनांना आमची क्रियापदं शिकवते. मीही मनात म्हणते. आठ दिवस झाले, ती आलेली नाही. त्यामुळे हा भाग त्रोटक राहिला आहे.’

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं आणि ओल्या कपड्यांची बादली उचलून बागेत गेल्या. कुंपणापलीकडे, दीड मीटर अंतर राखून, मादाम उभ्याच होत्या.

"किती मार्क?" त्यांनी फ्रेंचमध्ये विचारलं.

प्रश्न बाईंना पहिल्या झटक्यात कळला. "शेवटचा परिच्छेद अपुरा आहे," त्याही फ्रेंचमध्ये म्हणाल्या. "उद्या दहा वाजता इथेच पूर्ण करू."