साफ नळ्यांचं दुखणं

हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या माळावर मेंढरांमागं हिंडणाऱ्या सुभद्राबाईला कुणी बसलेलं बघितलं असेल तर शप्पथ! हातात काठी, काखेत कोकरू आणि तोंडाचा पट्टा चालू. अशी ही बाई चढ लागला की छाती धरून उभी राहायला लागली. कुणी छातीवर जातं ठेवल्यासारखं व्हायचं. थांबलं की उतरायचं, चाललं की पुन्हा तेच.

हिंगोलीच्या डॉक्टर आफिफांनी तिला नांदेडला धाडलं. तिथं आधी फिरत्या पट्ट्यावर चालवलं. छाती दाटून आली, आणि त्याच वेळी काढलेल्या फोटोत दिसलं की जोर पडला की हृदयाच्या एका बाजूला रक्त कमी पडतंय. नवऱ्याच्या, दगडोबाच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यानं उभ्या उभ्या माळावरच्या म्हसोबाला बोकड कबूल केला. मग अँजिओग्राफी झाली. मोठ्या रक्तवाहिन्या एकदम साफ! तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बंद करू नका, रिपोर्ट घेऊन आफिफा मॅडमकडं जा, असं बजावलं. पण 'साफ' म्हटल्यावर दगडोबाच्या कानात पुढचं कशाला शिरतंय!

घरी आल्या आल्या त्यानं गोळ्या उकिरड्यावर फेकल्या. "म्हसोबानं नळ्या साफ केल्या. आता गोळी खाल्ली तर देव म्हणंल, ह्यांचा मह्यावर भरोसा न्हाई."

देवाचं नाव निघाल्यावर सुभद्राबाईनं गोळ्यांचा विषयच सोडला. दुखणं मात्र वाढतच गेलं. ती जरा टेकली की जाऊ बेबीबाई चारचौघांत म्हणायची, "नळ्या साफ हायेत ना? मग हे काय नवीन नाटक? काम नको झालंय बाईला!" दगडोबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. बेबीबाईच्या टोमण्यांपेक्षा त्याचं ते गप्प बसणं सुभद्राबाईला जास्त लागायचं.

नवस फेडायच्या दिवशी माळावर पंगत बसली. सुभद्राबाई खालून पाण्याची घागर घेऊन चढत होती. निम्म्यात घागर सुटली आणि ती मटकन खाली बसली. अंगाला दरदरून घाम, ओठ पांढरेफटक.

"ऊठ ना, पावणे बघून राहिले," दगडोबा दबक्या आवाजात म्हणाला.

"न्हाई उठत. मला मॅडमकडं न्या. न्हाईतर इथंच मरते, मग जेवा खुशाल!"

त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, आणि आता मात्र तो पुरता घाबरला. पंगत तशीच टाकून त्यानं तिला जीपमध्ये घातलं. हिंगोलीपर्यंत तो सारखा तिच्या नाकाशी हात नेऊन श्वास बघत होता.

दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, औषध दिलं, तशी कळ ओसरली. मग डॉक्टर आफिफांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून वाचले.

"यांतला खोटा कोणता?" दगडोबानं विचारलं.

"एकही नाही. मोठ्या नळ्या साफच आहेत. पण त्यांच्या पुढं केसासारख्या बारीक नळ्या असतात, त्या अँजिओग्राफीत दिसत नाहीत. कष्ट पडले की त्यांतून पुरेसं रक्त जात नसावं. पट्ट्यावरचा असा फोटो कधी कधी चुकतोही. पण यांना दुखतं ते चालतानाच, आणि फोटोही तेच सांगतो. गोळ्या चालू आहेत ना?"

दगडोबानं खाली बघत नाही म्हणून मान हलवली. मग चाचरत म्हणाला, "म्हंजे... हिला खरंच दुखत व्हतं?"

इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू सुभद्राबाईला एकदम फुटलं.

"यंत्राला इचारलं, देवाला इचारलं," ती म्हणाली. "मी रोज तुमच्याच बाजूला निजत व्हते. मला काहून न्हाई इचारलं?"