पुलरचा नाद

पिंपळगावला हायवेलगत माझ्या टेम्पोचं डिझेल इंजिन उघडणारे एक मिस्त्री आहेत. नवं हत्यार घेताना ते फरशीवर हलकेच आपटतात आणि डोळे मिटून त्याचा नाद ऐकतात.

एकदा क्रँकचा गिअर ओढून काढायचा तीन पायांचा पुलर घ्यायला आम्ही नाशिकला गेलो. दुकानदारानं महागातला दाखवला. मिस्त्रींनी तो आपटून ऐकला.

"ह्यो नको. आतून तडकलाय."

"काका, नवाकोरा आहे!" दुकानदार हसला आणि दुकानात पडलेल्या शाफ्टवरच्या एका जुन्या गिअरला लावून तो कसू लागला.

मिस्त्रींनी न बोलता माझी बाही धरून मला पाऊलभर बाजूला ओढलं. खाडकन आवाज झाला. पुलरचा तुटलेला पाय माझ्या मागच्या भिंतीत, बरोबर कपाळाच्या उंचीवर रुतला होता.

"दुसरा दाखव," मिस्त्री म्हणाले.

हल्ली ते बोलता बोलता गप्प झाले, की मी उभं राहायची जागा बदलतो.