चन्नवीर सरांची मानपत्रं

सोलापुरात कुणी निवृत्त झालं, कुणाची एकसष्टी आली, की लोक चन्नवीर सरांच्या दारात हजर. सर आयुष्यभर शाळेत मराठी शिकवत होते. घरात कानडी बोलतात, पण मानपत्र असं झोकात लिहितात की ऐकणाऱ्याला वाटावं, एवढा थोर माणूस आपल्या गल्लीत राहत होता आणि आपल्याला पत्ताच नव्हता! हे काम त्यांना आवडतं असं मात्र कुणी समजू नये. त्यांना त्याची मनापासून किळस येते.

'कर्तव्यदक्ष' हा शब्द त्यांनी इतक्या कामचुकारांना डकवलाय की तो लिहिताना बोटं चिकट झाल्यासारखी वाटतात. कर्तव्यदक्ष वापरून संपला की कर्तव्यतत्पर, मग कर्तव्यनिष्ठ. प्रेमळ झालं की मनमिळाऊ, मग लाघवी. सर मोठ्याने म्हणून बघतात आणि त्यांची बायको चंद्रव्वा आतून विचारते, "कुणाला लावताय एवढं?" सर नाव सांगतात. चंद्रव्वा नाकाला पदर लावते. तरी समोरच्याला नाही म्हणणं सरांना कधी जमलं नाही. माणूस भिडस्त, त्यात आपल्या भाषेचा थोडा गर्वही.

यंदा आला तो रेवणप्पा. एका शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष. सरांची मुलगी शिवलीला त्याच्याच शाळेत सहा वर्षं शिकवते, तीही तात्पुरत्या नेमणुकीवर. दर जूनमध्ये तिला कायम करण्याचं वचन मिळतं आणि दर एप्रिलमध्ये ते विरतं. हा रेवणप्पा वर्ग चालू असताना खिडकीतून तंबाखूची पिचकारी मारतो, आणि ती भिंत धुवायला शिपाई नसला तर बाईंना सांगतो. त्याच्या मुलीच्या लग्नात शाळेच्या शिक्षिका तीन दिवस भाकऱ्या थापत होत्या. शिवलीलासुद्धा. हाताला फोड घेऊन घरी आली तेव्हा सर जेवणाच्या ताटावरून उठले होते. पण उठून गेले कुठं, तर अंगणात.

रेवणप्पा खुर्चीत ऐसपैस बसला. "मास्तर, माजी साठी हाय. मानपत्र फक्कड लिवा. वाचायचं तुमच्या पोरीनंच, लई ग्वाड आवाज हाय तिचा. ते झालं की तितंच तिला कायम केल्याचं सांगून टाकतो की." एवढं बोलून तो उठला आणि जाता जाता दारातल्या कुंडीत थुंकला. सरांनी त्या कुंडीतली माती काढून फेकली, हात साबणाने धुतले, आणि मग लिहायला बसले.

लेखणी हलेना. 'निर्मळ' लिहायला गेले तर ती कुंडी दिसे. 'सज्जन' लिहायला गेले तर लेकीचे फोड. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सरांना युक्ती सुचली आणि ते स्वतःवर भलतेच खूश झाले. माणूस कसा आहे ते लिहायचंच नाही. किती आहे तेवढं लिहायचं! विशाल संस्था, असंख्य विद्यार्थी, अफाट ओळखी, दांडगा लोकसंग्रह, प्रचंड उरक, अमाप उत्साह. एकही शब्द खोटा नाही. चांगला, भला, प्रामाणिक यांतला एकही शब्द सापडणार नाही. "त्या गड्याला काय कळतंय!" म्हणत सरांनी चंद्रव्वाकडून जास्तीचा चहा मागून घेतला.

शिवलीलाने मानपत्र वाचलं. "अप्पा, एवढंच?"

"एवढंच. भरगच्च आहे की!"

तिने कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला, आणि फ्रेमवाल्याकडे पाठवला.

समारंभाला सभागृह गच्च भरलं होतं. शिक्षिकांना एकसारख्या साड्या नेसवून, हातात ओवाळणीची तबकं देऊन रांगेत उभं केलेलं. सर पहिल्या ओळीत, गालातल्या गालात हसत बसले. शिवलीला स्टेजवर फ्रेम घेऊन वाचू लागली. विशाल झालं, असंख्य झालं, अफाट झालं. लोक टाळ्या वाजवत होते. पण रेवणप्पाचं चघळणं हळूहळू थांबलं. सरांचं गणित चुकलं ते इथंच. हा माणूस उभा जन्म स्तुतीवर पोसलेला. मीठ कमी पडलं तर पहिल्याच घासाला जसं कळतं, तसं त्याला कळलं. त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि शिवलीलाकडे रोखून पाहिलं.

ते शिवलीलाने पाहिलं. तिने फ्रेमवरची नजर काढली आणि समोर बघत म्हणाली, "अध्यक्षसाहेब निर्मळ, निष्कलंक, निःस्वार्थी आहेत. दयाळू, कनवाळू, मायाळू आहेत. आम्हा शिक्षिकांना तर ते वडिलांच्या जागी आहेत." कुठं अडखळली नाही. लहानपणी सायकलवर पुढे बसवून सरच तिला एक शब्द देत आणि तिच्याकडून त्याच अर्थाचे चार काढून घेत, त्याच वेगात ती बोलली. सभागृह दणाणलं. सरांना वाटलं उठून बाहेर जावं, पण शेजारच्या लोकांचे गुडघे आड येत होते आणि कुणीतरी त्यांच्या खांद्यावर शाबासकीची थाप मारत होतं.

रेवणप्पाने पुन्हा चघळायला सुरुवात केली. माईक ओढून त्याने शिवलीलाला कायम केल्याचं सांगितलं, आणि हेडमास्तरांना म्हणाला, "पोरीनं शेवटाला म्हटलेलं बी फ्रेमीत घाला."

सर गाड्या लावल्या होत्या तिथं आले तेव्हा शिवलीला पाण्याची बाटली घेऊन चुळा भरत होती. एक झाली, दुसरी झाली, थांबेचना.

"ते मी लिहिलं नव्हतं," सर म्हणाले. आवाजात राग होता.

"ठाऊक हाय. तुमी तुमचं तोंड स्वच्छ ठेवलंत, अप्पा. मग ती घाण कुणाच्या तोंडात गेली?" तिने तोंड पुसलं. "लिवायचं नव्हतं तर त्याला दारातच न्हाय म्हणायचं. मी बी राहिली असती तशीच, तात्पुरती."

रेवणप्पाची किळस सरांना वर्षानुवर्षं येत होती, आणि खरं सांगायचं तर ती त्यांना थोडी आवडायचीही. तिच्यामुळे आपण त्याच्यातले नाही असं वाटायचं. आज स्वतःचीच आली, आणि तिच्यात आवडण्यासारखं काही नव्हतं.

शिवलीलाने गाडी चालू केली. "बसा," ती म्हणाली. "अव्वा वाट बघत असंल. तिला मी कायम झाले एवढंच सांगा."